काडी मोडली, कर्ज राहिलं

“उठ वो. तू नोको जेवू.”

घास माझ्या हातात होता. वरण-भाताचा पहिला घास. तोंडात गेला नव्हता. पारबतानं माझा दंड धरला आणि वर ओढलं. मी बसल्या जागी घट्ट झाले, तर दुसऱ्या बाजूनं आणखी एक जण आली. दोघींनी मिळून मला उभं केलं. धानाचं पोतं उभं करतात तसं.

“आमचे हप्ते थकवून लगनाचं जेवाले लाज नाही वाटत तुले?”

पारबता मोठ्यानं बोलली. लग्न तिच्या पुतण्याचं होतं, म्हणजे घर तिचं, पंगत तिची. मग ती वाकली आणि माझी पत्रावळ पालथी केली. भात मातीत गेला. बुंदी मातीत गेली. शेजारच्या बाईनं आपली पत्रावळ जराशी बाजूला सरकवली, माती उडू नये म्हणून.

तेवढ्यात माईकवर आवाज आला.

“एक जागा खाली झाली गा. कोनी बसाचं राहिलं असन तं बसून घ्या.”

लोक हसले. सगळी पंगत हसली. एक माणूस खरंच आला आणि माझ्या जागेवर बसला. त्याला नवी पत्रावळ दिली. त्यानं वाढणाऱ्याला सांगितलं, वांग्याची भाजी जास्त टाक.

माईकवर बोलणारा माझा नवरा होता. म्हणजे सहा महिन्यांआधीपर्यंत होता. मांडव त्याचा. माईक त्याचा. भोंगे, पंखे, जनरेटर त्याचं. आणि त्या मांडवाचा, माईकचा, भोंग्यांचा जो हप्ता थकला होता, ज्याच्यापायी मला उठवलं, तो माझा.

मी हात धुतला नाही. भाताचा हात तसाच घेऊन घरी गेले.

आता सांगते, हे कसं झालं.

मला भाऊ नव्हता. म्हणून माझ्या बापानं जावई घरी आणला. आमच्या समाजात त्याला लमसेना म्हणतात. पोरगा आधी सासऱ्याच्या घरी राबतो, मग लग्न लागतं. हा तीन वर्षं माझ्या बापाच्या धानाच्या बांधीत राबला. चिखलात उतरला, धान कापलं, मोळ्या आणल्या. राबला तो. खोटं बोलणार नाही.

मी चौथी शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि वाटेत जंगल होतं. पण वाचता येतं, सही करता येते. ही सहीच मला नडली. अंगठा असता तर कोणी कागद वाचून तरी दाखवला असता. सही करणाऱ्या बाईला कोणी वाचून दाखवत नाही. बोट ठेवतात आणि म्हणतात, इथं कर.

याला मांडवाचा धंदा करायचा होता. आमच्याकडं दिवाळी झाली की गावोगावी जत्रेसारखी मंडई भरते, नाटक होतं, मांडव लागतो. उन्हाळ्यात लग्नं. धंदा वाईट नव्हता. पण बँकेनं त्याला दारात उभं केलं नाही. मग त्याला कोणी तरी सांगितलं, बायकांच्या गटाला कर्ज भेटते, जमीन गहाण ठेवावी लागत नाही.

“तू गटात जाय,” तो म्हणाला. “नाव तुहं, धंदा माहा.”

मी गेले. गावातल्या निम्म्या मोटारसायकली अशाच आल्या आहेत. नाव बाईचं, गाडी माणसाची.

आमचा पाच जणींचा गट. पारबता अध्यक्ष. माझ्या घराला लागून तिचं घर, मधे कुडाचं कुंपण. नियम असा, की एकीनं हप्ता भरला नाही तर चौघींनी भरायचा. दर दुसऱ्या मंगळवारी कर्ज देणाऱ्या कंपनीचा साहेब फटफटीवर येई आणि पारबताच्या ओसरीवर बसे. कर्जाला वयाची अट होती, माझं वय तेव्हाच जास्त होतं. पण आधार कार्ड काढणाऱ्यानं माझ्या तोंडाकडं पाहून अंदाजानं साल टाकलं होतं, त्यात मी सहा वर्षांनी लहान आहे. त्यामुळं बसले नियमात. कर्ज कशासाठी या रकान्यात साहेबानं स्वतःच लिहिलं, शेळीपालन. मी म्हटलं, “शेळ्या नाही, मांडव घेवाचा हाय.” तो म्हणाला, “मांडव लिखूंगा तो पास नहीं होगा.” कागदावर मी शेळ्या पाळल्या.

मग त्यानं आम्हा दोघांना खाटेवर बसवलं आणि फोननं फोटो काढला.

“और पास बैठो. मियाँ-बीवी हो, चोर नहीं हो.”

आमच्या लग्नात फोटो निघाला नव्हता. दोघांचा एकत्र असा तो पहिला फोटो.

पहिलं कर्ज फिटलं. मग मोठं घेतलं. मग जनरेटर आला. हप्ते तोच देत होता, मी फक्त नेऊन भरत होते. पोरीचं लग्न झालं, ती गोरेगावला गेली. आणि एका पावसाळ्यात मी धानाच्या रोवण्याहून घरी आले, पायाचा चिखल धुऊन राहिले होते, तर तो ओट्यावरून म्हणाला,

“मले आता इथं करमत नाही. केशोरीले रोडावर जागा भेटली. सामान ठेवाले चांगली हाय.”

जागा एका बाईची होती. पक्कं घर, समोर पटांगण. बाई विधवा. हे तो बोलला नाही. गावानं सांगितलं.

धान निघाल्यावर पंच बसले. आमच्यात फारकत कोर्टात होत नाही, पंचात होते. पाच पंच, पाचही पुरुष. एकेका वस्तूचं नाव घेत गेले. कोंबड्या तिच्या. शेळी तिची. पाण्याचा पितळेचा गुंड तिचा, तो तिच्या मायचा आहे. घर बापाचं, म्हणून तिचं. मांडव त्याचा.

“बाईमानूस का खांब गाडत फिरन?” एक पंच म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. खरं सांगते. मला वाटलं, बरं झालं, घर वाचलं.

कर्जाचं नाव कोणी घेतलं नाही. पंचांनी नाही, त्यानं नाही, मीही नाही. मी का नाही घेतलं, हे पुढं खूप जणांनी विचारलं. मला वाटलं, सामानासोबत कर्ज जातं. ज्याच्या बांधीत तलावाचं पाणी गेलं, पाणीपट्टी त्यानं भरायची, असंच आयुष्यभर पाहिलं होतं. मांडव त्यानं नेला तर हप्ताही त्यानं नेला. याच्यात विचारण्यासारखं काय आहे? इतकी मी मूर्ख होते.

धानाच्या तणसाची एक काडी आणली. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. मोडली. मोठे पंच म्हणाले, “आता तुमचं एकमेकासंग देनं-घेनं सरलं.” स्टँपपेपरवर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. मी परत एकदा न वाचता सही केली.

पंचांचं जेवण माझ्या घरी झालं. माझ्या फारकतीचं जेवण मीच रांधलं. कोंबडी मीच कापली.

पुढच्या मंगळवारी मी ओसरीवर गेले आणि साहेबाला सांगितलं, “आमची काडी मोडली. आता तो भरल. मांडव त्याच्यापाशी हाय.”

साहेब गोंदियाचा. पोरगेला, चांगले बूट घालणारा. त्यानं वहीतून डोकं वर केलं नाही.

“काडी-वाडी तुम्हारे समाज का मामला है, अम्मा. मेरे पास दोनों का साइन है. वो मिलता नहीं, तू मिलती है.”

मी म्हटलं, फोन लाव. त्यानं लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. पलीकडून माझ्या नवऱ्याचा आवाज आला,

“साहेब, आमची फारकत झाली. कर्ज तिच्या नावानं हाय, तिलेच मांगा.”

“सुन लिया?” साहेब म्हणाला.

मी शेळी विकली. कागदावर शेळ्या आल्या होत्या, खऱ्यात होती ती गेली. मग मोहफुलं वेचून विकली. मग तांदूळ विकला, खायचा होता तो. दोन वेळा भरता आलं नाही, तर चौघींनी माझ्यासाठी भरलं. पारबतानं सगळ्यांत जास्त टाकलं. हेही सांगितलं पाहिजे. तिसऱ्या वेळी साहेबानं सांगितलं, की हिचं क्लिअर होईपर्यंत गटाला नवीन कर्ज नाही. पारबताला गाय घ्यायची होती. बोली झाली होती, इसार दिला होता. तो बुडाला.

त्या दिवशी मी मीटिंगला गेले नव्हते, लाजेनं. माझ्या मागं साहेब त्या चौघींना काय म्हणाला, ते मला नंतर गटातल्या सगळ्यांत लहान सुनेनं सांगितलं; तिची सासूही गटात होती.

“उसकी इज्जत जहाँ है, वहाँ पकड़ो.”

आणि आमच्याकडं बाईची इज्जत कुठं असते, हे बायांना चांगलं माहीत असतं. ती पंगतीत असते.

मला उठवलं ते असं. ठरवून.

लोक म्हणतात, अशा वेळी जीव द्यावासा वाटतो. मला नाही वाटला. मला भूक लागली होती. घरी आले, सकाळचा शिळा भात होता तो मिठासोबत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पोरीचा फोन आला. बातमी गोरेगावपर्यंत गेली होती.

“आई, भरून टाक ना वो. इथं सासूले माहीत झालं तं मले बोलतीन.”

“कायचे भरू?”

“घर हाय ना. घर इक.”

“मंग मी कुठं राहू?”

ती म्हणाली, भात उकळून राहिला, आणि फोन ठेवला. पोटच्या पोरीकडं माझ्यासाठी एक कोपरा नव्हता. तिलाही तिथं कोपराच होता, हे मी जाणते. पण तेव्हा कळलं, की आता माझ्या मागं कोणी नाही. मागं भिंत आहे, ती बापाची आहे, आणि तीही हे लोक नेतील.

पुढं तेंदूपत्त्याचे दिवस आले. पत्ता तोडायला कोणी एकटं जात नाही. आमच्या जंगलात वाघ आहे, टोळीनं जातात. मला कोणी टोळीत घेतलं नाही. पारबताच्या अंगणातून बाया निघत, मी माझ्या दारातून पाहत राही. चौथ्या दिवशी मी एकटी गेले. वाघाला माझा हप्ता माहीत नव्हता. त्यानं काही केलं नाही.

जंगलात एकटीनं पत्ता तोडता तोडता एक गोष्ट डोक्यात आली. साहेब म्हणाला होता, दोनों का साइन है. दोघांची सही. मग दोघांतून मीच का? हे मी त्या वेळीच विचारायला पाहिजे होतं. सहा महिने लागले मला. माणूस अपमानात असला की त्याला साधा प्रश्न सुचत नाही.

पत्त्याचे पैसे आले तशी मी एसटीनं अर्जुनीला गेले. कंपनीच्या ऑफिसात. म्हटलं, “माह्या सहीचा कागद दाखवा.” तिथला माणूस म्हणाला, साहेब नाही. पुढच्या आठवड्यात गेले. म्हणाला, मशीन बंद आहे. तिसऱ्यांदा गेले आणि पायरीवर बसले. लोकांना माझ्यावरून पाय टाकून आत जावं लागत होतं. एक जण म्हणाला, “भिकारीन हाय का?” मी म्हटलं, “नाही, गिऱ्हाईक हाय.” संध्याकाळच्या गाडीआधी झेरॉक्स हातात आली.

तो कागद मी दोन दिवस वाचला. अक्षर बारीक, माझे डोळे म्हातारे. एकेक अक्षर जोडत गेले. शेवटच्या पानावर होतं, “कर्जदार व सहकर्जदार हे संपूर्ण कर्जाच्या परतफेडीस एकत्रितपणे व स्वतंत्रपणे जबाबदार राहतील.” कर्जदाराखाली माझं नाव, माझी सही. सहकर्जदाराखाली त्याचं नाव. त्याची सही. वाकडी, पण त्याचीच.

एकत्रितपणे समजलं. स्वतंत्रपणे समजलं नाही. त्यासाठी परत अर्जुनीला गेले. कोर्टात गरिबांना फुकट सल्ला देतात, असं बसमध्ये कळलं. एक वकील बाई होती. माझ्या पोरीपेक्षा लहान. तिनं कागद वाचला, फारकतीचा स्टँपपेपरही वाचला.

“मावशी, मी गोड बोलत नाही,” ती म्हणाली. “तुमची फारकत खरी आहे. पण त्यात कंपनी नव्हती. तुम्ही दोघं वेगळे झाल्यानं तिचं काही बिघडत नाही. ती दोघांकडं मागू शकते, आणि एकट्या तुमच्याकडंसुद्धा सगळं मागू शकते.”

“म्हंजे मलेच भराचं?”

“तुम्हाला ते सोडणार नाहीत. पण त्याला सोडा, असं कुठं लिहिलं आहे? तोही तेवढाच बांधलेला आहे. त्याच्या वाट्याचं तुम्ही भरलं, तर ते त्याच्याकडून वसूल करायला तुम्ही दावा लावू शकता. आणि दारात येऊन बसायचा, पंगतीतून उठवायचा हक्क कोणालाच नाही. त्याची तक्रार होते.”

“दाव्याले किती दिस लागतीन?”

तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं.

“निकाल लवकर नाही लागणार.”

खरं बोलली. तिचे उपकार आहेत माझ्यावर. दावा तिनं लावून दिला, तारखा अजून चालू आहेत. पण मी तारखेवर बसले नाही.

रोवणा सुरू झाला होता. त्या दिवसापासून मी हप्त्याच्या प्रत्येक मंगळवारी अर्धा हप्ता नेऊ लागले. ठेवायचे आणि म्हणायचे, “हा माहा वाटा. दुसरा त्याचा.” साहेब शिव्या देई, पैसे घेई, आणि उरलेलं थकीत लिही. आलेला पैसा त्यानं कधी सोडला नाही. बाया माझ्याकडं पाहून थुंकत. चिखलात रांगेनं रोवताना माझ्या दोन्ही बाजूंना एकेक माणसाची जागा मोकळी असे. सगळा पावसाळा असा गेला.

दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई मंगळवारी आली. मंडईच्या कमिटीनं मांडव कोणाला दिला? त्यालाच. त्याचा भाव कमी होता. मी सकाळी ओसरीवर गेले तेव्हा साहेब बसला होता, चौघी बसल्या होत्या, आणि समोरच्या आखरावर, गावच्या मोकळ्या जागेत, तो माणसं लावून खांब गाडून राहिला होता. मधे फक्त रस्ता.

मी अर्धा हप्ता ठेवला. साहेब म्हणाला, “फिर आधा?”

मी पारबतासमोर कागद ठेवला आणि त्या लहान सुनेला म्हटलं, “तू दहावी शिकली ना? वाच मोठ्यानं.” तिनं साहेबाकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं, आणि वाचलं. सहकर्जदाराचं नाव वाचलं तेव्हा पारबतानं मान वर केली.

“तुही गाय कोनापायी गेली?” मी तिला विचारलं. “माह्यापायी, का त्याच्यापायी? मी अर्ध भरून राहिली. अर्ध तो समोर उभा हाय. उठवाचं होतं तं दोघांले उठवाचं होतं. मलेच काऊन?”

पारबतानं आखराकडं पाहिलं.

मी उठले, रस्ता ओलांडला आणि कनातीचा गठ्ठा पडला होता त्याच्यावर जाऊन बसले. मांडवाचं सगळं कापड त्या गठ्ठ्यात होतं.

“उठ वो डोकरे!” माझा नवरा ओरडला. “कमिटीवाले येऊन राहिले.”

“येऊ दे.”

“काडी मोडली मी तुही! आता काहाले मांग लागली?”

“काडी मोडली. फोटो नाही मोडला. साहेबाच्या फोनात तू अजून माह्या बाजूनं बसून हायेस.”

गडीमाणसं हसली. आखरावर दुकान लावणारे हसले. लोकांना हसायला कोणी तरी लागतं, तो कोण हे ते पाहत नाहीत. या वेळी तो होता. मला आनंद झाला नाही असं म्हणणार नाही. झाला.

त्यानं कापडाला हिसका दिला. मी तोंडावर पडले. कोपराचं कातडं निघालं. चाळीस वर्षं ज्याला भात वाढला त्यानं मला मातीत पाडलं आणि कापड ओढू लागला. मग ते कापड थांबलं. मी मान वर करून पाहिलं, तर दुसरं टोक पारबतानं धरलं होतं. तिच्या मागं तिघी.

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मला हात देऊन उठवलं नाही. ती माझ्यासाठी आली नव्हती, गायीसाठी आली होती. मला तेवढं पुरत होतं.

“आदी आमचे हप्ते ठेव भाऊजी,” ती म्हणाली. “मंग लाव मांडव.”

“बायकाच्या नादी लागत नाही मी.”

“मंग बिना मांडवाची मंडई कर.”

कमिटीची माणसं आली. रात्री नाटक होतं, तिकिटं विकली गेली होती. त्यांना कोण खरं, कोण खोटं याच्याशी काम नव्हतं. त्यांना मांडव पाहिजे होता. गर्दी पाहून साहेबही रस्ता ओलांडून आला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, पाच बायांकडं पाहिलं, कापडाकडं पाहिलं. मग पिशवीतून वही काढली आणि माझ्या नवऱ्याला इतक्या आदरानं बोलला की मला हसू आलं.

“आप सहकर्जदार हैं ना, भाईसाहब? तो निकालिए.”

तो म्हणाला, पैसे नाहीत. कमिटीच्या अध्यक्षानं मांडवाच्या भाड्याचे त्याला द्यायचे पैसे तिथंच साहेबाच्या हातावर ठेवले. साहेबानं पावती फाडली. चौघींनी माझ्यासाठी भरलेलं त्यातून त्यांना परत मिळालं. मांडव लागला. मी नाटकाला गेले नाही, कोपर धुतला आणि झोपले.

साहेबाला काही न्याय सुचला नव्हता. मी त्याला कायदाही शिकवला नाही. कंपनी कर्ज कोणाचं ते पाहत नाही, कोण सोपं आहे ते पाहते. एकटी, म्हातारी, घर सोडून न जाणारी बाई सगळ्यांत सोपी. मी फक्त नवऱ्याला माझ्यापेक्षा सोपं करून ठेवलं. सहा महिने मी रडून पाहिलं, त्यानं काही झालं नाही.

माझा अर्धा वाटा मी पूर्ण भरला. शेवटचा हप्ता भरून झाला तेव्हा मी दाखला मागितला, की माझं कर्ज संपलं. मिळाला नाही. त्याचा वाटा फिटेपर्यंत माझं नाव निघत नाही म्हणतात. कर्ज एकच आहे, त्याचे दोन तुकडे फक्त मी केले. साहेब आता केशोरीला जातो आणि त्या पक्क्या घराच्या दारात बसतो. त्या बाईला बोलतो. मला तिचं वाईट वाटतं. तिनंही कुठं तरी सही केली असेल.

परत मिळालेल्या पैशात भर घालून पारबतानं गाय घेतली. व्याली तेव्हा तिनं कुंपणावरून खरवस पाठवला. मी परत पाठवला. तिनं माफी मागितली नाही, मी दिली नाही. कुंपण तसंच आहे.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या टोल्यावर, लहानशा वस्तीत, एका पोरीची फारकत होती. वय पंचवीस असेल. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी पंचांच्या समोर जाऊन बसले.

“तुले कोनं बलावलं वो डोकरे?” मोठे पंच म्हणाले. तेच पंच. माझ्या घरी जेवलेले.

“कोनं नाही.”

“मंग काऊन आली?”

“इचाराले आली. मोटारसायकल कोन नेऊन राहिला?”

“पोरगा.”

“हप्ता कोनाच्या नावाचा?”

पोरीनं खाली पाहिलं. पोरगा म्हणाला, ते मंग पाहू. पंच म्हणाले, ते कंपनीचं काम, आमचं नाही. मी स्टँपपेपरवर हात ठेवला. सगळ्यांच्या समोर, पंजा पसरून. एक पंच उठला आणि माझं मनगट धरलं. मी म्हटलं, “मोड. मंग केस होईन.” त्यानं सोडलं.

“गाडी तो नेतो तं हप्ता तो भरन, असं लिहा. आन् नाही भरला तं गाडी तिले वापस, हेही लिहा. आन् इथंच साहेबाले फोन लावा, त्याले सांगा.”

तास गेला. शिव्या खूप खाल्ल्या. पोरीच्या बापानंही दिल्या, त्याला लवकर आटपायचं होतं. शेवटी लिहिलं. पोरीनं सही करायच्या आधी मी तिला तो कागद मोठ्यानं वाचायला लावला. दोन वेळा.

आता मी थांबत नाही. जिथं फारकत बसते तिथं मी जाते. पायी जाते, एसटीनं जाते. पंच मला पाहून तोंड फिरवतात. माझ्या मागं मला काय म्हणतात, मला माहीत आहे. म्हणू द्या. समाजानं मला वाळीत टाकायची भाषा केली आहे. टाकू द्या. एकटीनं राहायचं मला शिकवायची गरज नाही. भांडी कोणाची, कोंबडी कोणाची हे बोलायच्या आधी कर्ज कोणाचं ते बोलावं लागेल. बोलले नाहीत, तर त्या कागदावर माझा हात राहील. हात तोडायचा असेल तर तोडा. तोवर एकाही पोरीला न वाचता सही करू देणार नाही.

हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. माझ्यावर झालेलं आहे. मी चौथी शिकलेली, रोवण्याच्या मजुरीवर जगणारी, फारकत झालेली बाई आहे. केशोरीच्या बाजूच्या एका खेड्यात बापाच्या घरात राहते. कंपनीच्या वहीत माझं नाव अजून आहे.